सून घरची झाली, देशाची कधी?

माप ओलांडून सून घरात आली. शेजारणींनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. वर्ष-दोन वर्षांत तिला भाकरी थापता यायला लागली, आमटीत चटणी किती घालायची तेही कळलं. ती घरची झाली. पण ती परदेशातून आलेली असली, तर एवढ्यानं ती भारताची नागरिक होत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. "नवरा भारताचा, मग बायको भारताचीच की!" असं पारावरची शहाणी माणसंही म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. नागरिकत्व मागावं लागतं, त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि थांबावं लागतं.

हा पाठ त्या सुनेसाठी आहे. पण तिच्याहून जास्त तो तिच्या घरच्या माणसांसाठी आहे. अर्जावर सही तिची असते. तो पार पडायला मात्र नवरा, सासू, दीर, शेजारी अशा सगळ्यांचा हात लागतो.

नागरिक म्हणजे देशाचा हक्काचा माणूस. तो मत देतो, निवडणुकीला उभा राहतो, भारताचा पासपोर्ट काढतो. त्याला कोणी "तुझी मुदत संपली, आता जा" असं म्हणू शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना हा हक्क न मागता मिळाला. आपले आजे-पणजे कोल्हापूर संस्थानची रयत होते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, आणि घटनेच्या पाचव्या कलमानं ते भारताचे नागरिक ठरले. अर्ज नाही, फी नाही, कचेरीचा हेलपाटा नाही. औत घेऊन शेतावर गेलेला माणूस त्या दिवशी नागरिक होऊनच घरी आला. म्हणून आपल्याला या गोष्टीची किंमत पटकन कळत नाही.

ज्यांना हा हक्क मागून घ्यावा लागला, अशी माणसंही कोल्हापूरच्या जवळच राहतात. वळिवड्याला १९४३ साली एक मोठी छावणी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून उखडलेले पोलंड देशाचे सुमारे ५,००० लोक तिथं राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४८ पर्यंत ते लोक निघून गेले. त्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. कापडाच्या ठोक बाजारासाठी आपण ज्या गांधीनगरला जातो, ते असं वसलं.

सिंधमधून आलेल्या अशा लोकांसाठी घटनेत सहावं कलम घातलं. १९ जुलै १९४८ च्या आधी जे आले आणि इथंच राहिले, त्यांना वेगळा अर्ज करावा लागला नाही. त्या तारखेला किंवा त्यानंतर जे आले, त्यांना मात्र सहा महिने इथं राहून, अधिकाऱ्याकडं अर्ज करून नाव नोंदवावं लागलं. आता विचार करा. एक भाऊ जूनमध्ये निघाला, दुसरा घर आवरायला मागं राहून ऑगस्टमध्ये निघाला. आई एक, घर एक, पण एकाला अर्ज नाही आणि दुसऱ्याला आहे. तारीख ही अशी वस्तू आहे. पुढंही या पाठात तारखा येतील, त्या नीट वाचा.

आज हा कारभार १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं चालतो. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. सुनेला मागता येतं, तसं जावयालाही. अट अशी, की अर्जाआधी ७ वर्षं भारतात राहिलेलं असावं. याचा हिशोब थोडा बारीक आहे. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग इथं काढलेले हवेत. त्या १२ महिन्यांच्या मागची जी ८ वर्षं, त्यांत मिळून किमान ६ वर्षं इथं राहिलेलं हवं. म्हणजे मधे माहेरी जायला बंदी नाही, पण शेवटच्या वर्षात जाणं जपून. खास कारण असेल, तर केंद्र सरकार त्या १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं.

म्हणून आमचं सांगणं आहे की लग्नाच्या वर्षापासूनच एक वही घाला. ती कधी आली, माहेरी कधी गेली, परत कधी आली, एवढंच तीत लिहायचं. दोन ओळींचं काम आहे. सात वर्षांनी आठवून लिहायला बसलं, म्हणजे "ते दिवाळीच्या आधी गेलो होतो का नंतर?" यावरून नवराबायकोत भांडण होतं, आणि पासपोर्टावरचा शिक्का तिसरंच सांगतो.

त्याच वहीत पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांनी व्हिसाची मुदत लिहा. व्हिसा म्हणजे परदेशी माणसाला इथं राहण्याची मिळालेली परवानगी. ती संपायच्या आत वाढवून घ्यायची असते, आणि परदेशी माणसांची नोंद जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत असते. ही मुदत चुकली, तर कायदा त्या माणसाला बेकायदा राहणारा समजतो. मग नागरिकत्वाचा अर्ज अडतो. एवढ्यावरच भागत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून असा नियम आहे, की इथं जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असला, तर दुसरा पालक बेकायदा राहणारा नसावा, तरच ते मूल जन्मानं नागरिक होतं. पाळण्यातल्या पोराचा हक्क आईच्या व्हिसाच्या तारखेला असा बांधलेला आहे. आई अजून परदेशीच असते, पण कागद सरळ असले तर तिचं मूल पहिल्या दिवसापासून भारताचं.

आता कागदांकडं वळू. अर्ज संगणकावर भरायचा आणि त्याच्या प्रती कागदपत्रांसह जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यायच्या. कोल्हापूरकरांसाठी ती कचेरी नागाळा पार्कात आहे. तिचा पासपोर्ट, राहण्याचा परवाना, नवरा भारतीय असल्याचा पुरावा, आणि विवाह निबंधकाचा लग्नाचा दाखला हे त्यातले मुख्य. लग्नपत्रिका आणि फोटोंचा आल्बम चालत नाही. लग्न थाटात केलं, गावजेवण घातलं, पण नोंदणी करायची राहिली, अशी घरं कमी नाहीत.

खरी गोम मात्र नावाच्या अक्षरांत असते. पासपोर्टावर तिचं माहेरचं नाव एका तऱ्हेनं, लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं, बँकेच्या पुस्तकात तिसऱ्या तऱ्हेनं. कुठं दीर्घ, कुठं ऱ्हस्व, कुठं लग्नानंतर बदललेलं नाव. आपल्याला ती एकच बाई दिसते. ज्यानं तिला कधी पाहिलं नाही अशा कारकुनाला तीन बाया दिसतात. तोही काय करणार? त्याच्यापुढं फक्त कागद आहे.

इथं नव्यानं वाचायला शिकलेली सासू मोठं काम करू शकते. हसू नका. शिकलेला माणूस ओळीवरून नजर नुसती फिरवतो, आणि चूक तशीच राहते. नवा वाचणारा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो, आणि त्याला चूक सापडते. तेव्हा सगळे कागद चटईवर मांडा. सासूबाईंनी मोठ्यानं वाचावं, सुनेनं आपला पासपोर्ट हातात धरून ऐकावं.

"पोरी, हितं तुझ्या बाचं नाव निराळंच लिवलंय."

"नाही आत्याबाई, तेच आहे. पण एक अक्षर गळलंय."

ते गळलेलं अक्षर अर्ज देण्याआधी दुरुस्त होतं. नंतर त्याच अक्षरापायी महिने जातात.

काही जण म्हणतील, "आधार कार्ड आहे की तिचं. मग आणखी काय पाहिजे?" आधार कार्ड हे इथं राहणाऱ्याची ओळख सांगतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. आणि कोणी हुशार माणूस सांगेल, "मतदारयादीत नाव घालून टाकू, पुढचं पुढं बघू." त्याला दारातूनच नमस्कार करा. नागरिक नसताना मतदार म्हणून खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. नागरिकत्व मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणखी एका कायद्याचं नाव गांधीनगरसारख्या वस्तीत वरचेवर ऐकू येतं. २०१९ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी ती वाट आहे. त्यावर देशात मोठा वाद झाला, खटलेही दाखल झाले. त्या वादात आपण इथं शिरत नाही. त्या वाटेचा अर्ज निराळा आणि त्याची जिल्हा समितीही निराळी, एवढं लक्षात ठेवा, म्हणजे एका वाटेचे कागद दुसऱ्या वाटेवर जाणार नाहीत.

अर्ज दिला की चौकशी होते. पोलीस घरी येतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. सून घाबरते. "आत्याबाई, पोलीस आलेत!" सासूबाईंनी म्हणावं, "येऊ देत की. चहा ठेव. आपण काय चोरी केलीय व्हय?" एवढ्या बोलण्यानंही तिच्या पायांत बळ येतं. चौकशीचे कागद जिल्ह्यातून राज्य सरकारकडं आणि तिथून दिल्लीला गृहखात्याकडं जातात. शेवटचा निर्णय दिल्लीचा. मधल्या काळात दर चार दिवसांनी तिला "झालं का गं तुझं काम?" असं विचारू नका. झालं, तर ती सांगितल्याशिवाय राहील का? त्यापेक्षा पोचपावतीचा नंबर जपून ठेवा, आणि कचेरीत जायचं झालं तर घरातल्या कोणीतरी तिच्याबरोबर जा. बाकड्यावर शेजारी आपलं माणूस बसलं असलं की वाट पाहणं निम्मं होतं.

मग एक दिवस होकाराचं पत्र येतं. घरात पेढे येतात. आणि त्याच वेळी तिच्या मनात काय चाललेलं असतं, ते घरच्यांनी ओळखायला हवं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नवं हवं, तर जुनं सोडावं लागतं, आणि ते सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या पासपोर्टावर तिच्या गावाचं नाव आहे, जो तिच्या बापानं रांगेत उभं राहून काढून दिला असेल, तो तिला परत करायचा असतो. यापुढं आईला भेटायला जायचं, तर तिला आपल्याच जन्मगावासाठी परदेशी म्हणून परवानगी मागावी लागेल. काही देशांत ती सहज मिळते, काही देशांत आई आजारी पडली तरी लवकर मिळत नाही. जुनं सुटलं आणि नवा दाखला अजून हातात नाही, असा थोडा काळही मधे जातो. त्या दिवसांत ती गप्प राहिली, तर "एवढं मिळालं तरी हिचं तोंड उतरलेलंच" असं म्हणू नये. नव्या नवरीला पाठवणीच्या वेळी रडू नको असं कोण म्हणतं? ही दुसरी पाठवणी आहे. मुदत असेल, तर पासपोर्ट परत करण्याआधी तिला एकदा माहेरी जाऊन येऊ द्यावं. शेवटच्या १२ महिन्यांचा हिशोब आता मागं पडलेला असतो.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, महामार्गालगत कासेगाव आहे. तिथल्या गेल ऑम्व्हेट यांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. त्या १९४१ साली अमेरिकेत जन्मल्या. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा आणि आपल्या भागातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला त्या इकडं आल्या, आणि १९७६ साली भारत पाटणकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या. १९८३ साली गेलबाई भारताच्या नागरिक झाल्या. दुष्काळी भागातल्या पाण्याच्या चळवळीत आणि बायांच्या मोर्चांत त्या हिंडल्या, आणि २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच त्यांनी देह ठेवला. विदुषी म्हणून जग त्यांना ओळखतं. पण अशा बाईलाही अमेरिकेचं नागरिकत्व सोडावंच लागलं, आणि तिला आपली म्हणणारं एक घर कासेगावात होतं. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेतून आल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं.

नागरिक होताना शपथ घ्यावी लागते. भारताच्या घटनेशी निष्ठा राखीन, कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्यं करीन, अशा अर्थाची ती शपथ आहे. घरी दोन-चार वेळा मोठ्यानं वाचून घेतली म्हणजे तिथं जीभ अडखळत नाही. मग नोंदणीचा दाखला मिळतो. त्याच्या प्रती काढून मूळ कागद लोखंडी पेटीत ठेवा. आता १८ वर्षं पूर्ण असलेल्या कोणाही नागरिकासारखा तिनं नमुना ६ भरावा आणि मतदारयादीत नाव घालावं. यादी निघाली की तिचं नाव बोट ठेवून वाचा. अक्षर गळलेलं असेल, तर तिथंही दुरुस्ती मागता येते.

सराव: आपल्या घरातले कोणतेही तीन सरकारी कागद काढा. तिन्हींवर आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख वाचा. तिन्ही ठिकाणी सारखं आहे का? जे निराळं दिसेल, ते वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या वर्गाला ती वही बरोबर आणा.