झाड कुठे लावायचे? गावाला विचारा

वाचक मंडळी, आम्ही पुष्कळ वर्षे एका खेड्यातल्या शाळेत हेडमास्तर होतो. त्या वेळची एक चूक आज तुम्हांला सांगतो. चूक आमचीच होती.

शाळेशेजारी ग्रामपंचायतीची मोकळी जागा होती. पावसाळा तोंडावर आला होता. आम्ही म्हटले, येथे गावासाठी बाग करू. सरपंचांच्या कानावर घातले. त्यांनी मान डोलावली. झाले! साठ रोपे आणली. गुलमोहर आणले, निलगिरी आणली. मुलांनी खड्डे खणले. नारळ फुटला. आम्ही भाषण केले. टाळ्याही पडल्या.

संक्रांतीपर्यंत त्यांतली चार रोपे उरली.

आम्हांला राग आला. या गावाला झाडाची किंमत नाही, असे आम्ही वर्गात बोललोसुद्धा. ते एका मुलाने घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या दारात उभी. म्हणाली, "गुरुजी, रागावू नका. पण आमाला कुणी इचारलं का? त्या जागंतून आमची गुरं पाण्यावर जात्यात. तुमी वाटंतच खड्डे केले. बायांच्या गवऱ्या तिथंच वाळत्यात. आन् आता उन्हाळा येतोय. रोपाला पाणी कोण घालणार? हितं माणसालाच दोन घागरी मिळंनात."

आम्हांला उत्तर सुचले नाही. "बसा आजी," एवढेच म्हणालो.

आपला धाराशिव जिल्हा पावसाच्या बाबतीत बेभरवशाचा. चार महिन्यांत पडेल तेवढे पाणी. आषाढात लावलेले रोप पहिला उन्हाळा काढते का, हाच खरा प्रश्न. 2019 साली आपल्या राज्य सरकारने 33 कोटी रोपे लावायचे ठरवले होते. आकडा केवढा मोठा! पण रोप एका दिवसात लावून होते. पाणी दोन-तीन वर्षे घालावे लागते. ते कोण घालणार, हे ठरल्याशिवाय खड्डा खणू नये, असे आमचे मत झाले आहे.

न विचारता केलेले काम कसे होते, हे आपल्या भागाने पाहिलेले आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि आपला, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे तेव्हा दूरदूर पोचली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली. घरे पक्की मिळाली, ते चांगलेच झाले. पण नव्या गावांचे नकाशे बहुतेक बाहेरच्या मंडळींनी आखले. रस्ते सरळ आणि रुंद, घरे लांब लांब. जुन्या गावात गल्ली अरुंद असे, पण तिच्यात सावली असे. देवळापुढे झाड असे, झाडाला पार असे. म्हातारी माणसे तिथे दुपार काढत. नव्या जागी घर मिळाले, पण पार कुठून आणायचा? वडाचे रोप लावले तरी त्याखाली दहा माणसे बसायला अर्धा जन्म जातो.

त्याच काळात दुसरे एक काम निराळ्या रीतीने झाले. ज्या गावांतली घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तेथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' नेमले. त्या घरोघर जात. मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी करायची, ते समजावून सांगत. लोकांची अडचण वर कळवत. ज्या बाया चारचौघांत तोंड उघडत नव्हत्या, त्या साहेबांपुढे बोलू लागल्या. घराचे विचारता येते, मग बागेचे का नाही?

कायद्यानेही वाट ठेवली आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाला निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. झाडांचा विषय तेथे मांडता येतो. धाराशिव, तुळजापूर अशा नगरपरिषदेच्या गावी 1975 चा झाडांचा कायदा लागू आहे. बागेतले झाड तोडायचे तर आधी झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आता तुम्हांला वाचता येते. अशी नोटीस दिसली की थांबा आणि वाचा. हरकत असेल तर ती कागदावर लिहून द्या.

पण नुसत्या सभेने भागत नाही. सभेत पुढे बसलेले चौघे बोलतात, मागचे ऐकतात. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही निराळे केले. संध्याकाळी गुरे परतायच्या वेळी जागेवरच सगळ्यांना बोलावले. आजींना मुद्दाम बोलावले. चुन्याची फक्की घेतली. आधी गुरांची वाट आखून मोकळी ठेवली. मग गवऱ्यांची जागा सोडली. वाटेच्या कडेला करंज ठरला, कारण शेळी सहसा त्याला तोंड लावत नाही. एस. टी. थांब्याच्या बाजूला कडुनिंब ठरला. पिंपळ घरांपासून लांब लावला, कारण त्याची मुळे भिंत फोडतात. विजेच्या तारेखाली मोठे झाड कोणीच मागितले नाही. निलगिरीचे नावही निघाले नाही! तिची सावली विरळ, हे गुराख्यांना आमच्याआधी ठाऊक होते. आजींनी जांभूळ मागितले, "पोरं खात्याल" म्हणून.

चिंचेवर मात्र वाद झाला. एक म्हणे, चिंच लावा, ग्रामपंचायतीला उत्पन्न होईल. दुसरा म्हणे, लिलाव घेणारा पोरांना एक बोटूक तोडू देणार नाही. तासभर बोलणे झाले. शेवटी चिंच एकच लावली आणि फळाचा निर्णय पुढे ढकलला.

साठऐवजी बावीसच रोपे लावली. एकेक रोप जवळच्या एकेका घराने घेतले. भांडी धुतलेले पाणी त्याला जाऊ लागले. बुंध्याशी मडकी पुरली, त्यांतून पाणी हळूहळू पाझरे. तीन उन्हाळे गेल्यावर आम्ही मोजली, तर सतरा झाडे उभी होती.

आजी आता नाहीत. जांभळाला फळ धरते. चिंच उशिरा फळाला आली, आणि तिच्या बोटकांचे काय करायचे हा विषय यंदा पुन्हा ग्रामसभेपुढे आहे.