गावभांड्यांची कैफियत

स्टेनलेस स्टीलच्या भांड्याला खड्डे पडले की तो धातूच खोटा होता, अशी जी समजूत आमच्या घनसावंगी तालुक्यात, आणि बहुधा साऱ्या जालना जिल्ह्यात, रूढ होऊन बसली आहे, तिच्यापायी माझ्यावर, ज्याने नोकरीच्या साऱ्या काळात शाळेच्या दप्तरातील एका पैचाही हिशेब चुकू दिला नाही, भर सभेत अफरातफरीचा आरोप झाला. तेव्हा ही कैफियत लेखी मांडणे मला प्राप्त आहे, आणि गावोगावी ज्यांच्या ताब्यात अशी सार्वजनिक भांडी आहेत त्यांना तिच्यातून काही उपयोगाचे मिळाले तर झालेल्या मनस्तापाचे थोडे तरी सार्थक होईल.

गावाच्या सामाईक तांब्यापितळेच्या जुन्या पातेल्यांना कल्हई करणारा मिळेनासा झाला तेव्हा गावाच्या वर्गणीच्या रकमेतून स्टीलची पातेली, पराती, बादल्या आणि वगराळी जालन्याच्या बाजारातून मीच आणली, पक्के बिल दप्तरी लावले, आणि सप्ताहाच्या पंगतींना ती वर्षानुवर्षे निर्धोक वापरली गेली. गेल्या लग्नसराईत गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी कन्येच्या विवाहासाठी ती नेली. ठरलेली मुदत उलटून, पुष्कळ तगादा केल्यानंतर, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकमेकांवर आदळत परत आली, तेव्हा मोठ्या पातेल्यांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे असंख्य काळसर खड्डे, अंगावर तांबूस ठिपके आणि सर्वत्र आडवेतिडवे ओरखडे दिसत होते. मी विचारणा करण्यास गेलो असता ते गृहस्थ बसल्या जागेवरून उठलेही नाहीत. ‘गुरुजी, मालच हलका आणलाय तुम्ही,’ एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले.

पुढे मारुतीच्या देवळासमोर सभा भरली, तेथे त्यांनी जुन्या कर्ण्यातून काढलेले लोहचुंबक सोबत आणले होते. पातेल्याच्या काठाला ते लावले, ते चिकटले, आणि ‘हे बघा, लोखंड आहे!’ असे म्हणून त्यांनी पातेले सर्वांसमोर फिरवले. ज्यांच्या मुलांना मी अक्षर गिरवायला शिकवले त्यांनीही माझा जबाब पुरता ऐकून घेतला नाही. खरेदी संशयास्पद असल्याची नोंद इतिवृत्तात झाली. तो शब्द अजून माझ्या मनातून जात नाही.

त्या रात्री या भांड्यांच्या कोठीचे कुलूप काढून मी कंदिलाच्या उजेडात एकेक वस्तू पाहू लागलो, तेव्हा एका कोपऱ्यात त्याच खरेदीतील, त्याच बिलावरची दोन पातेली दिसली, जी ट्रॉलीत जागा नसल्याने लग्नाला गेलीच नव्हती. त्यांचा तळ निर्मळ होता. एकही खड्डा नाही, एकही तांबूस ठिपका नाही. एकाच दुकानातील, एकाच घडणीची भांडी. एक जथा शाबूत आणि दुसरा नासलेला! दोष मालात असता तर तो दोहोंकडे दिसला असता, हे इतके उघड होते की सभेत ते कोणालाच सुचू नये याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. दुसऱ्या दिवशी, लग्नघरी भांडी घासण्याच्या कामावर असलेल्या बाईंना मी सहज विचारले, आणि त्यांनी काही न लपवता सांगितले, ‘आमटीचे पातेले तसेच राहिले व्हते दोन दिस. मंग वास जाईना म्हणून टीसीएलच्या पाण्यात रातभर बुडवून ठिवले, अन् तारेनं घासले.’ माझ्या खरेदीचा दाखला मला त्या एका वाक्यात मिळाला.

स्टेनलेस स्टील न गंजणारे आहे ते काही अटींवर. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले म्हणजे हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर तयार होतो, जो खरवडला गेला तरी आपोआप पुन्हा धरतो. 1913 साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी मिश्रधातू शोधत असता त्याच्या हाती लागले ते हेच रहस्य. या थराचा मोठा वैरी म्हणजे क्लोराइड, जो मिठात आहे आणि टीसीएल, म्हणजे विहिरींत व टँकरच्या पाण्यात टाकण्याची ब्लीचिंग पावडर, हिच्या द्रावणातही आहे. जेथे मिठाचा खडा तळाशी बसून राहतो किंवा पावडरचे तीव्र पाणी तासन्तास साचून राहते, तेथे थर बिंदुमात्र फुटतो आणि त्या बिंदूतून खड्डा खोल खोल जातो. तो पुन्हा भरून येत नाही. तांबूस ठिपके तर बहुधा भांड्याचे नसतातच. लोखंडी तारेच्या घासणीचे कण पृष्ठभागात रुतून बसतात, ते गंजतात, आणि नाव मात्र भांड्याचे खराब होते.

चुंबकाची गोष्टही अशीच. पत्रा साच्यात ओढून पातेले घडवताना काठाशी आणि अंगाशी धातूची अंतर्रचना बदलते, त्यामुळे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेले उत्तम स्टीलही काठाला थोडेफार चुंबक धरते, पण सपाट तळाच्या मध्यावर जवळजवळ धरत नाही. उलट निकेलऐवजी पुष्कळसे मँगनीज घालून केलेला स्वस्त मालही चुंबक धरत नाही; म्हणजे या परीक्षेवरून खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा दोन्हीकडून फसतो. जालन्यात भंगार वितळवून सळई करणारे कारखाने असल्याने धातूचे घटक तपासणारी यंत्रेही तेथे आहेत. मी पदरखर्चाने खड्डे पडलेल्या पातेल्याचा तुकडा तपासून आणला, आणि क्रोमियम व निकेल बिलात लिहिल्याप्रमाणेच भरले.

आता ज्यांना ऐकायचे असेल त्यांच्यासाठी. पाण्याला उकळी आल्यावरच मीठ घालावे व लगेच ढवळावे. थंड पाण्यात घातलेले मीठ तळाशी बसते. आमटी, ताक, लोणचे भांड्यात रात्रभर ठेवू नये. चिंच आणि मीठ एकत्र लावून घासण्याची रीत तांब्यापितळेची आहे, ती स्टीलला लावू नये. आपल्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे चट्टे येतात, ते क्षारांचे असतात आणि लिंबू किंवा व्हिनेगर घालून पाणी उकळल्याने निघतात. मोसंबी आपल्या जिल्ह्याचे भूषण असली तरी तिच्या रसाला या कामापुरती आंबटपणाची धार नाही. चुलवणावर आलेली निळीसोनेरी झाक निरुपद्रवी आहे. करपलेला तळ खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून काथ्याने घासावा, आणि तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये. स्वच्छता ठेवावी, भांडी कोरडी पुसून ठेवावीत, हे तर सर्वांना ठाऊक आहेच.

नवी खरेदी करताना पक्क्या बिलावर धातूची प्रत लिहून घ्यावी आणि आयएसआय चिन्ह पाहावे. 2024 सालच्या केंद्र सरकारच्या आदेशाने ते या भांड्यांवर सक्तीचे झाले असून मानकाचा क्रमांक आयएस 14756 आहे. पण सर्वांत महत्त्वाचे ते देवघेवीचे. भांडी देताना नगवार यादीवर नेणाऱ्याची सही घ्यावी, मग तो कितीही मोठा असो. परत घेताना दिवसाउजेडी, दोन पंचांसमक्ष, प्रत्येक पातेल्याचा तळ पाहावा. आणि प्रत्येक खरेदीतील एक नग कोणालाही न देता कुलपात ठेवावा. माझी अब्रू ज्याने राखली तो असाच, योगायोगाने मागे राहिलेला जोड होता.

तपासणीचा कागद, बिल आणि ती दोन पातेली मी पुढील सभेत रुजू करणार आहे. इतिवृत्तातील ती नोंद रद्द करावी आणि ज्यांच्या ताब्यात भांडी नासली त्यांच्याकडून त्यांची किंमत वसूल करावी, एवढीच माझी ग्रामस्थांकडे मागणी आहे.