जुना कळफलक कसा दुरुस्त करावा?

आयबीएम कंपनीनें १९८५ सालीं काढलेला ‘मॉडेल एम’ कळफलक आजहि सेकंडहँड मिळतो. त्याच्या प्रत्येक कळेखालीं एक स्प्रिंग असते. कळ दाबतांच ती वांकते, तळची हातोडी पातळ पडद्यावर आपटते व अक्षर उमटतें. दुरुस्तीपूर्वीं तो संगणकापासून सोडवावा व कळांचा क्रम टिपून ठेवावा. मग टोप्या काढून कोमट साबणपाण्यांत धुवाव्या व पुरत्या वाळवाव्या. पडद्यास पाणी लागूं देऊं नये. तरीहि कांहीं कळा चालत नसल्यास आंतील पोलादी पत्रा तपासावा. त्यास धरणारे प्लॅस्टिकचे रिव्हेट कालांतरानें तुटतात. तेथें भोंकें पाडून बारीक स्क्रू-नट बसवावे. दोष कोठें आहे हें शोधल्यावांचून वस्तु टाकून देऊं नये, एवढेंच आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस विनवितों.