वैशाखातला संगणक

संगणकाचे सुटे भाग कोणते घ्यावेत याविषयी सल्ला देणाऱ्यांना आज तोटा नाही. परंतु तो संगणक कोणत्या गावी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या विजेवर चालणार आहे, याची आधी चौकशी करून मग सल्ला देणारा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. वातानुकूलित दालनात, एकवीस-बावीस अंशांच्या सुखद हवेत घेतलेली मोजमापे प्रमाण मानून जी फेरिस्त तयार होते ती भुसावळजवळच्या दीपनगरला, म्हणजे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी ज्याचे कोणाला अप्रूप वाटत नाही अशा ठिकाणी, जशीच्या तशी लागू करणे हा अविचार होय, आणि त्या अविचाराची किंमत माझ्या पुतण्याने माझ्या डोळ्यांदेखत मोजली.

माझी सारी नोकरी भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राच्या परीक्षण शाखेत गेली. त्यामुळे संगणकाच्या कारागिरीत नसली तरी विजेच्या स्वभावात मला थोडीबहुत गती आहे. पुतण्याचा व्यवसाय लग्नाच्या चित्रीकरणाचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फुटेज, मधूनमधून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, आणि रात्री मित्रमंडळींसह व्हॅलोरंट किंवा जीटीए, अशा दुहेरी कामासाठी त्याने साठ हजारांची तरतूद केली आणि एका दुकानदाराने पुढे केलेला तयार आराखडा निमूटपणे मंजूर केला. प्रोसेसर उत्तम, ग्राफिक कार्ड उत्तम, कॅबिनेट तर इतके देखणे की दर्शनी काचेआड सप्तरंगी पंखे फिरताना दिसावेत. माघ-फाल्गुनात सारे सुरळीत चालले. वैशाखात, लग्नसराईच्या ऐन भरात, एक्स्पोर्ट लावला की यंत्र मध्येच बंद पडू लागले, आणि अखेर एके दुपारी जळका वास सोडून आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस जो गेला तो मदरबोर्डालाही सोबत घेऊन गेला.

उघडून पाहतो तो, ज्यावर ५०० वॅट असे ठळक छापले होते असा तो एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच आलेला, नाव कोणी न ऐकलेला आणि हातात घेताच वजनावरून संशय यावा इतका हलका. अंदाजपत्रकात या वस्तूला नेहमी शेवटची जागा मिळते, कारण तिच्यावर खर्च केल्याने खेळाची गती एका फ्रेमनेही वाढत नाही. माझ्या मते खानदेशात तिला पहिली जागा दिली पाहिजे. मध्यम प्रतीचा प्रोसेसर भर कामात शंभर-सव्वाशे वॅट घेतो, आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड १७० वॅट घेते, बाकीचे किरकोळ. म्हणजे प्रामाणिक ५५० वॅट पुरेसे आहेत, आणि प्रश्न काय तो प्रामाणिकपणाचा आहे. पेटीवर ‘८० प्लस’ असा शिक्का असला म्हणजे लोक निर्धास्त होतात. पण तो दाखला केवळ कार्यक्षमतेचा आहे, आणि त्यासाठीची परीक्षा साधारण २३ अंश तापमानात घेतली जाते. छापलेले सर्व वॅट ४० अंशांस मिळतील की ५० अंशांस, हे चांगले उत्पादक आपल्या पत्रकात स्वतंत्रपणे नमूद करतात. ज्याच्या पत्रकात याचा उल्लेखच नाही, त्याचा माल, मग तो कितीही स्वस्त असो, आमच्या भागात घेऊ नये.

याच प्रकरणातील दुसरी बाब अर्थिंगची. ज्या घरात तिसरी तार केवळ सॉकेटच्या छिद्रापर्यंत असते आणि जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते, तेथे एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे बोटांना नुसत्या मुंग्या येतात आणि लोक हसून सोडून देतात. हसण्याची ही बाब नव्हे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च संगणकाच्या खर्चातच धरावा. यूपीएस घेताना ६०० व्हीए या आकड्याने भुलू नये; त्यातून बहुधा ३६० वॅटच मिळतात, आणि तेही फाइल जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरते.

उष्णतेचा हिशेब अगदी सरळ आहे. पंखा कितीही मोठा असो, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचे तापमान अधिक कामाची उष्णता, ही बेरीज त्याला टाळता येत नाही. म्हणून परदेशी परीक्षकाच्या टेबलावर जो प्रोसेसर ७५ अंशांवर स्थिर दिसतो तो येथे पंचाण्णवच्या घरात जातो, आणि बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान आत्मरक्षणार्थ आपली गती स्वतःच उतरवतात. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे दिले तो वेग वैशाखात वसूल होत नाही. तेव्हा वरच्या दर्जाचा प्रोसेसर घेण्याऐवजी एक पायरी खालचा घेऊन उरलेली रक्कम मोठ्या कूलरवर आणि दर्शनी जाळीच्या कॅबिनेटवर घालावी. काचेचे दर्शन ज्याला हवे असेल त्याने भिंतीला आरसा लावावा.

जाळी म्हटली की राख आली. औष्णिक केंद्राच्या वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावावरून उन्हाळ्यात वारा सुटला म्हणजे काय होते, हे या परिसरातील गृहिणींना सांगावयास नको. ही राख अतिशय सूक्ष्म असते, आणि सिमेंटमध्ये जी मिसळतात ती हीच. ती प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांत कोरडी असेपर्यंत फुंकणीने निघते. परंतु घरातल्या डेझर्ट कूलरचा ओला झोत जर थेट कॅबिनेटवर येत असेल, तर तिचा असा थर बसतो की तो खरवडूनच काढावा लागतो. डेझर्ट कूलर वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही, कारण त्याने खोली दहा अंशांनी उतरली तर संगणकाचेही तितकेच कल्याण आहे. फक्त यंत्र त्याच्या झोतापासून बाजूला, जमिनीपासून हातभर उंच ठेवावे, हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा अधिक असावेत आणि त्यांच्यापुढची गाळणी दर आठवड्यास धुवावी.

आता मुख्य वादाकडे येतो. खेळ आणि संपादन या दोन्हींना एकच संगणक चालतो हे खरे, पण दोन्हींच्या गरजा एकच आहेत असे समजून जे भाग सुचवले जातात तेथे संपादकाची हानी होते. पुतण्याच्या आराखड्यात कोअर आय-फाइव्ह १२४००एफ होता. त्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ असा की त्यात अंतर्भूत ग्राफिक्स नाही, खेळणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही, उलट पैसे वाचतात, म्हणून सर्वत्र त्याचीच शिफारस होते. परंतु पुतण्याचा कॅमेरा सोनी ए-सेव्हन फोर, आणि त्यात तो एच २६५ पद्धतीचे, दहा बिटांचे, ४:२:२ रंगांचे चित्रीकरण करतो. असे फुटेज उलगडण्याची यांत्रिक सोय इंटेलच्या अंतर्भूत ग्राफिक्समध्ये आहे, तर एनव्हीडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या पन्नास मालिकेपर्यंत नव्हतीच. परिणामी महागडे कार्ड स्वस्थ बसून राहते, प्रोसेसर एकटा घाम गाळतो आणि टाइमलाइन अडखळते. ‘एफ’ नसलेला तोच प्रोसेसर थोड्या अधिक रकमेत घेतला असता हा व्याप वाचला असता. नव्या जुळणीत आम्ही तोच घेतला. कॅमेऱ्याचे मेनू उघडून आपण नेमके कोणत्या प्रकारचे फुटेज घेतो हे कागदावर लिहून मगच दुकानात जावे.

कार्डाच्या बाबतीतही हाच पेच आहे. आरटीएक्स ३०६० टीआय खेळात सरस, पण त्याची मेमरी ८ जीबी. साधे ३०६० गतीने कमी, पण १२ जीबीचे, आणि चार-के फुटेजवर रंगसंस्कार करणाऱ्यास ही मेमरी अधिक उपयोगी पडते. त्यातही ३०६० याच नावाने ८ जीबीचा एक दुबळा प्रकार विकला जातो, म्हणून पेटीवरचा आकडा स्वतः वाचावा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे कार्डांवरील उत्खनन संपले, तेव्हापासून रात्रंदिवस राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली; ती सगळीच टाकाऊ नसतात, पण तासभर भर दुपारी चालवून दाखवल्यावाचून एकही घेऊ नये. रॅम एकाच पट्टीत न घेता दोन समान पट्ट्यांत घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून तिचे भाव असे चढले आहेत की डीडीआर फोरची जुनी व्यवस्था स्वीकारण्यात कमीपणा मानू नये. साठवणुकीस एसएसडी हवीच, परंतु फुटेजची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर असलीच पाहिजे, कारण हळद दुसऱ्यांदा लागत नाही.

राहता राहिले बिल. जीएसटीचे १८ टक्के वाचवण्याच्या मिषाने कच्च्या पावतीवर माल घेण्याची रीत जळगावच्या गोलाणी मार्केटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत कोणासही नवी नाही. पण हमीच्या तीन वर्षांत तक्रार उद्भवली की पक्के बिल आणि त्यावरील अनुक्रमांक यांवाचून कंपनी दाद देत नाही. शिवाय येथून दुरुस्तीस गेलेली वस्तू परत येण्यास आठवडे लागतात. नव्या जुळणीनंतर कार्डाचा एक पंखा खरखरू लागला, तेव्हा ते पक्क्या बिलासह रवाना करून पुतण्याने मधल्या अवधीत हातची लग्ने प्रोसेसरच्या अंतर्भूत ग्राफिक्सवर पुरी केली. खेळ तेवढे बंद राहिले, आणि त्याबद्दल घरात कोणाचीही तक्रार नव्हती.