लेख आहे, पण सापडत नाही

शेतीवरचे लेख इंटरनेटवर प्रसिद्ध करायला लागून मला बरीच वर्षं झाली. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. ते उभारून देणाऱ्याने सगळी मांडणी स्वयंचलित ठेवली होती. नवं पान तयार झालं की मेनूत आपोआप दिसायचं, लेखाला टॅग दिला की त्या टॅगचं पान तयार व्हायचं आणि प्रत्येक लेखाखाली ‘हेही वाचा’ म्हणून जुने लेख यायचे. लेख मोजके असतात तोवर ही सोय उत्तम चालते. संग्रह वाढल्यावर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. स्वतःचं लेखन ऑनलाइन ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते वेळीच जाणून घ्यावं, म्हणून हे लिहीत आहे.

एका शेतकऱ्याचा फोन आला. हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी एंडोसल्फान कुठे मिळेल, असं तो विचारत होता. या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर बंदी घातली. त्याने वाचलेला लेख बंदीच्या आधीचा होता, आणि तेव्हा ती शिफारस सर्रास केली जायची. मग तो लेख इतक्या वर्षांनी त्याच्यापुढे आला कसा? हरभऱ्यावरच्या ताज्या लेखाखाली ‘हेही वाचा’मध्ये यंत्राने तो आणून ठेवला होता. दोन्ही लेखांचे टॅग सारखे होते आणि यंत्राला तेवढंच कळतं. मधल्या काळात कायदा बदलला, हे त्याला कुठून कळणार?

तो लेख मी काढून टाकला नाही, कारण तो त्या काळाची नोंद आहे. पण त्याच्या माथ्यावर बंदीची ठळक सूचना टाकली आणि ‘हेही वाचा’च्या यादीतून तो वगळला. औषधं, कायदे, सरकारी योजना, व्याजदर यांवर लिहिणाऱ्या सर्वांना माझं पहिलं सांगणं हेच आहे. जुन्या लेखावर तारीख ठळक दिसू द्या, सल्ला कालबाह्य झाला असेल तर तसं वरच लिहा आणि असा लेख आपोआप सुचवला जाणार नाही याची खात्री करा.

दुसरी अडचण टॅगची. रब्बी ज्वारीला कुठे शाळू म्हणतात, कुठे जोंधळा. आमच्याकडे लिहिणारे अनेक आणि प्रत्येकाच्या तोंडी आपल्या भागातला शब्द. यंत्राने तीन टॅगांची तीन पानं केली. ‘ज्वारी’वर बोट ठेवणाऱ्याला शाळूच्या साठवणीवरचा लेख दिसेना. ‘ॲझोला’ या शब्दाचं तर त्याहून अवघड होतं. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्यामुळे काही जण ते अक्षर वापरतात, काही जण ‘अ’वर चंद्र देतात, तर काही ‘ऍ’ लिहितात. उच्चार एकच असलेली ही रूपं यंत्राच्या लेखी वेगवेगळी असतात. यावर उपाय एकच: टॅगची ठरलेली यादी करा आणि ती सगळ्या लेखकांना द्या. नवा टॅग घालायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. बोलीतले शब्द लेखात अवश्य वापरा, पण टॅग एकच ठेवा.

शोधपेटीवरही विसंबू नका. वर्डप्रेसचा मूळचा शोध टाकलेली अक्षरं जशीच्या तशी धुंडाळतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं. वाचक ‘गहू’ टाकतो आणि लेखात सगळीकडे ‘गव्हाची’, ‘गव्हाला’ असतं. ‘ऊस’ शोधणाऱ्याला ‘उसाची लागण’ दिसत नाही. म्हणून विषयाचं मूळ रूप शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात एकदा तरी येऊ द्या.

लेखाच्या पत्त्याचंही असंच आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवतं आणि त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तिथे नऊ चिन्हं खाते. म्हणजे बाविसेक खुणांत पत्ता संपतो. ‘ज्वारीच्या साठवणुकीत येणाऱ्या अडचणी’ या शीर्षकाचा पत्ता तिसऱ्या शब्दातच तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवला तर अनेकदा टक्केवारीच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता हाताने लिहा. तो दोन-तीन शब्दांचा असावा आणि एकदा दिल्यावर बदलू नये. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावर येणारा वाचक नव्यावर पोचेल अशी कायमची वळवणी लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुख्य मांडणी. यंत्र लेख तारखेप्रमाणे लावतं, शेती मात्र हंगामाप्रमाणे चालते. मार्चमध्ये टाकलेला रब्बी ज्वारीच्या पेरणीवरचा लेख सप्टेंबरात, नेमक्या गरजेच्या वेळी, कुठल्या तरी मागच्या पानावर गेलेला असतो. ‘सर्वाधिक वाचलेले’ ही चौकटही फसवी ठरते. त्यातले लेख समोर दिसतात म्हणून वाचले जातात आणि वाचले जातात म्हणून समोर राहतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हा वर आलेल्या लेखांनी ती चौकट पुढेही कितीतरी दिवस अडवून ठेवली होती.

आम्ही मेनूतली आपोआप भर बंद केली आणि विभाग हाताने ठरवले: बियाणे व पेरणी, पाणी व खत, कीड व रोग, काढणी व साठवण, बाजार. प्रत्येक विभागाला स्वतःचं पान दिलं. तिथे चार ओळींची ओळख आणि निवडक लेखांची यादी असते. हंगाम बदलला की मुख्य पानावरचे लेख बदलतो. विभाग ठरवण्यासाठी वाचकांच्या फोन-पत्रांतले प्रश्न समोर ठेवले होते. तुमचा विषय पाककृती असो, कायदा असो वा इतिहास, सुरुवात वाचकाच्या प्रश्नापासूनच करा. मेनूत पाच-सात नोंदी पुरतात. मोबाइलवर तीन रेघांच्या बटणामागे तीस नावं उघडली की वाचक परत फिरतो.

यंत्राला काम देऊच नये, असं मी म्हणत नाही. लेखातल्या उपशीर्षकांची अनुक्रमणिका, आपण कुठल्या विभागात आहोत ते दाखवणारी वरची ओळ, शोधयंत्रांसाठीचा साइटमॅप ही कामं त्याच्यावर खुशाल सोपवा. साइटमॅप तर ऑगस्ट २०२० पासून वर्डप्रेसमध्येच मिळतो. पण कुठला लेख कुणाला, कधी उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाच्या हाती मोबाइल द्या आणि तुमचाच एक जुना लेख शोधायला सांगा. शोधपेटी वापरू देऊ नका, मध्ये बोलूही नका. तो जिथे अडेल, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा. मेहनतीने लिहिलेला लेख गरजूला सापडला नाही, तर त्याच्यासाठी तो लिहिलाच नाही असं होतं.