गोचीड भिंतीत होती

आमच्या बंड्याच्या मानेवर पहिली गोचीड दिसली तेव्हा मी ती चिमटीत धरून उपटली, पायाखाली चिरडली आणि हात झटकले. जबलपुरात हिला किलनी म्हणतात. दूधवाला म्हणालाही, "दादा, बारिश में तो होती ही हैं." मला ते पटलं. नेपियर टाउनातलं कवेलूचं जुनं घर, मागे पेरूची झाडं. कुत्रं पाळलं की चार गोचिडी येणारच.

सप्टेंबरात बंड्याने पोळीकडे पाठ फिरवली. लॅब्रॅडॉर खायला नको म्हणतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळायला हवं होतं. अंग तापलेलं होतं, म्हणून मी दुधातून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. कुणी करू नये असं हे पहिलं काम. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक ठरू शकते, आणि बंड्याच्या तांबड्या पेशी तेव्हा आधीच फुटत होत्या.

दुसरं चुकलं ते दवाखान्यात. "टिक फीवर दिसतोय," एवढ्यावर डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. रक्त घेतलं नाही, आणि ते घ्या असं मीही म्हटलं नाही. तीस वर्षं गन कॅरेज फॅक्टरीत तपासणीवर होतो. गेज लावल्याशिवाय एक बुशसुद्धा पुढे सोडला नाही. घरच्या जिवाच्या बाबतीत मात्र अंदाजावर आठ दिवस काढले.

टिक फीवर हा एक आजार नाहीच. गोचिडीमुळे होणाऱ्या दोन-तीन वेगळ्या दुखण्यांना लोकांनी दिलेलं ते सरसकट नाव आहे. एर्लिकिया हा जिवाणू, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. बबेसिया हा तांबड्या पेशीत शिरणारा एकपेशीय परजीवी, त्याला एकटं डॉक्सिसायक्लिन आवरत नाही. हिपॅटोझून तर गोचीड चावून नव्हे, कुत्र्याने ती गिळल्यामुळे होतो. म्हणजे अंग चावत बसलेलं कुत्रं स्वतःच तो पोटात घेतं. कधी दोन आजार एकत्रही असतात. वरून लक्षणं सारखीच: ताप, सुस्ती, अन्नावर वासना नाही.

नवव्या दिवशी बंड्याचा ओठ वर केला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. मग सिव्हिल लाइन्समधल्या पशुवैद्यकीय विद्यापीठात धावलो. कॉलेज 1948 चं, विद्यापीठ 2009 चं, आणि नाव नानाजी देशमुखांचं, आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीच्या माणसाचं. आयुष्यभर त्या फाटकावरून स्कूटर नेली, आत कधी गेलो नव्हतो.

तिथे कानाच्या टोकाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब पसरला, जिम्सा रंग दिला. तरुण डॉक्टरीणबाईंनी मलाही भिंगातून पाहू दिलं. तांबड्या पेशींच्या पोटात खड्याच्या अंगठीसारखी इवलीशी वर्तुळं होती: बबेसिया गिब्सोनी. पॅटन नावाच्या संशोधकाने 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात त्याचं पहिलं वर्णन केलं, नंतर तो कोल्ह्यातही सापडला. आपल्याच मुलखातला जुना रहिवासी! हिमोग्लोबिन 5.4 आलं, निरोगी कुत्र्यात ते साधारण 12 ते 18 असतं. रक्त द्यावं लागलं.

काचेवर परजीवी दिसला हे आमचं नशीब. गिब्सोनी लहान असतो, संख्या कमी असेल तर नजरेतून सुटतो. म्हणून रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही आणि कुत्रं खंगतच चाललंय, असं असेल तर पीसीआर तपासणी मागा. बबेसियाची जातही विचारून घ्या. मोठ्या बबेसियावर गुणकारी असलेलं इमिडोकार्बचं इंजेक्शन गिब्सोनीवर तोकडं पडतं. बंड्याला अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन दहा दिवस दिलं. औषध महाग, शिवाय ते स्निग्ध अन्नाबरोबर दिलं तरच अंगी लागतं.

बंड्या उठला, शेपटी हलवू लागला. आणि डिसेंबरात त्याच्या कानात पुन्हा गोचीड.

तेव्हा कुठे मी टॉर्च घेऊन घर पाहिलं. पडद्याच्या शिवणीत, चौकटीच्या फटीत, कवेलूंखालच्या वाशांवर त्या होत्या. ही तपकिरी गोचीड वर चढते, त्यामुळे जमीन पुसून भागत नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. पिल्लं, मग अर्धवट वाढलेल्या, मग पूर्ण वाढलेल्या, अशा तिन्ही अवस्थांत ती कुत्र्यावर चढून रक्त पिते आणि पुन्हा उतरते. मी कुत्र्यावरच्या मोजत होतो. बाकीचं कुटुंब भिंतीत होतं आणि महिनोन्‌महिने उपाशी राहायची त्यांची तयारी होती.

सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या, भिंतींवर फवारणी केली. नुसत्या दिसणाऱ्या गोचिडी मारून भागत नाही, अंड्यांतून नंतर फुटणारी पिल्लंही गाठावी लागतात. म्हणून दर तीन आठवड्यांनी फवारणी, चार महिने. फवारणीच्या दिवशी बंड्या बाहेर. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हाताळूच नका, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. बंड्याला वजनानुसार खायची गोळी चालू आहे, वर्षभर, थंडीतही. बबेसिया अंगात जायला गोचिडीला सहसा दोनेक दिवस चिकटून राहावं लागतं, म्हणून रोज संध्याकाळी कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासतो. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल आणि जळकं मोबिल ऑइल चोपडण्याचा सल्ला मला तिघांनी दिला. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं.

औषधाने बरं झालेल्या कुत्र्याच्या रक्तातही गिब्सोनी दडून राहू शकतो. म्हणून दोन महिन्यांनी आणि मग तीन महिन्यांनी पीसीआर केली. गेल्या महिन्यात गल्लीतले एकजण घाईघाईने आले, त्यांच्या कुत्रीला रक्त हवं होतं आणि बंड्या चांगला तीस किलोचा. त्यांना नाही म्हणावं लागलं. स्कूटर काढून त्यांना सिव्हिल लाइन्सला घेऊन गेलो.