लिपी शाळा देईल, मराठी कोण देणार?

वाराणसीत ब्रह्मघाटाच्या गल्लीतलं मराठी घर. भाची इथं सासरी. पुण्याहून आलेल्या मावशीची सारी नोकरी बालवाडीत झालेली.

भाची: मावशी, लेक साडेचार वर्षांची झाली. शेजारची तिच्याच वयाची मुलगी हिंदी वाचते, इंग्रजी शब्दही ओळखते. आम्ही काहीच शिकवलं नाही. मागे पडेल का गं?

मावशी: पहिलीला अजून दीड वर्ष आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं पहिलीचं वय सहा धरलंय. त्याआधीची तीन वर्षं खेळाची, गोष्टींची, बोलण्याची. आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नं मनाई आहे.

भाची: पण लवकर वाचणारी मुलं पुढेही पुढेच राहतात, असं सगळे म्हणतात.

मावशी: त्यात तथ्य आहे. डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेत अशा मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला, १९६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शाळेआधी वाचू लागलेली मुलं पुढच्या इयत्तांतही वाचनात पुढेच राहिली. पण ती मुलं स्वतःहून विचारणारी होती, 'हे काय लिहिलंय?' आणि घरात उत्तर द्यायला कुणीतरी होतं. उलट न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता.

भाची: म्हणजे शिकवूच नको?

मावशी: तिनं विचारलं की लगेच सांग. माँटेसोरीबाईंच्या बालघरात चार वर्षांची मुलं खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत, अक्षराचा आवाज म्हणत. ताराबाई मोडकांनी हीच दृष्टी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर नेली, तिथल्या मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तू घेऊन. मुलाला हवं असतं तेव्हा अक्षर ओझं होत नाही. घोकून घेतलं की होतं, आणि तसं घोकून घेणं मला अजिबात पटत नाही.

भाची: मग या दीड वर्षात करू तरी काय?

मावशी: तिचा कान तयार कर. 'कि' बघ: वेलांटी आधी दिसते, पण ऐकू येते नंतर. 'क' आणि 'इ' कानानं वेगळे करता आले नाहीत, तर मूल पान पाठ म्हणेल, वाचणार नाही. घाट, वाट, लाट, खाट अशी यमकं जुळवा. 'गंगा'चा पहिला आवाज कोणता, ते विचार. तुमच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे ना? वेदपाठी मुलं गुरूच्या तोंडून संथा घेतात, आणि संहितेत जुळलेले शब्द पदपाठात सुटे करायला शिकतात, तेही ऐकून. बरं, एक सांग. तिच्याशी कुठल्या भाषेत बोलता?

भाची: सासूबाई मराठीत. आम्ही दोघं हिंदीत. शाळेत अडचण नको म्हणून.

मावशी: माझी खरी काळजी ही आहे. देवनागरी तिला शाळा शिकवेलच. हिंदी वाचता आलं की मराठी अक्षरंही वाचता येतील. 'ळ'सारखी हिंदीत नसलेली अक्षरं तू दाखव. पण शब्दच कानावर पडले नसतील, तर मराठी ओळ ती नुसती उच्चारेल, तिला कळणार नाही. ते शब्द इथली शाळा देणार नाही. आणि मराठीमुळे हिंदी कच्ची राहते, ही भीती तर मनातून काढून टाक. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली याच काशीत मराठी घरात जन्मले आणि 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे मोठे आधारस्तंभ झाले.

भाची: पण घरात मुलांची मराठी पुस्तकंच नाहीत.

मावशी: पुण्याला गेले की पाठवते. तोवर सासूबाईंना रोज एक गोष्ट सांगायला लाव, त्यांच्याच शब्दांत. त्यातल्या चार ओळी तू मोठ्या अक्षरांत लिहून काढ, चित्र लेकीला काढू दे. रात्री ओळीखाली बोट फिरवत वाच. एखादा शब्द अडला, तर हिंदीत सांग आणि तीच ओळ पुन्हा मराठीत वाच.

भाची: आणि तिला कंटाळा आला तर?

मावशी: तर वही मिटायची. दुसऱ्या दिवशी तिनं मागितली, तरच उघडायची.